चिकोरी पूड : कॉफी कमी करायची असेल तर

कॉफीचा डबा एका दिवसात माळ्यावर टाकला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं. रोज कॅफीन घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावलेलं असतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ आणि चिडचिड सुरू होते, आणि कधी कधी हा त्रास आठवडाभर चालतो. मग माणूस हरतो आणि पुन्हा तीन कपांवर येतो. भाजलेली चिकोरी पूड इथे खरंच उपयोगी पडते. हे एका झाडाचं मूळ असतं, वाळवून, भाजून दळलेलं. गुजरात आणि उत्तर प्रदेशात ते पिकतं. त्यात कॅफीन अजिबात नसतं आणि कॉफीपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं.

मुळात कॉफी सोडायलाच हवी का? धडधाकट माणसानं, दिवसाला दोन कप घेत असेल तर, नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिली फिल्टर कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. म्हणजे उडपी हॉटेलातल्यासारखी दाट फिल्टर कॉफी तीनदा आणि वर दुकानावर बसून दोन चहा, एवढ्यात मर्यादा ओलांडली जाते. कॉफी सोडून चहा वाढवणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. गरोदरपणात मात्र २०० च्या आतच राहावं. छातीत धडधड होत असेल, झोप लागत नसेल किंवा घशाशी आंबट येत असेल, तर कॉफी कमी करून बघण्यात नक्की अर्थ आहे. कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचच्या कपातलं निम्मं कॅफीन रात्री दहाला अंगात असतंच. म्हणून आधी दुपारनंतरचा कप बदला, सकाळचा राहू द्या.

आता वस्तूकडे. दुकानात ‘नुसती चिकोरी’ असं स्पष्ट मागा, नाहीतर कॉफी-चिकोरीचं मिश्रण हातात पडेल. मिश्रणाच्या पाकिटावर दोन्हींची टक्केवारी छापावीच लागते आणि त्यात चिकोरी ४९ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. सुटी पूड घेतली तर घरी तपासा. काचेच्या ग्लासात थंड पाणी घेऊन वर चिमूटभर पूड भुरभुरा. कॉफीचे कण तेलकट, ते वरच तरंगत राहतात. चिकोरीचे कण काही सेकंदांत खाली उतरतात आणि प्रत्येकामागे पाण्यात तपकिरी रेघ ओढली जाते. ‘शुद्ध कॉफी’ म्हणून घेतलेल्या पुडीत अशा रेघा दिसल्या तर काय ते समजा. इन्स्टंट कॉफी पाण्यात विरघळते, तिला ही चाचणी लागू नाही.

रोज फिल्टरला चार चमचे कॉफी लागत असेल, तर पहिले पाच दिवस तीन चमचे कॉफी आणि एक चिकोरी. पुढचे पाच दिवस दोन-दोन. त्यानंतर एक आणि तीन, आणि मग नुसती चिकोरी. डोकं दुखलं तर मागे जाऊ नका, त्याच पायरीवर आणखी दोन-तीन दिवस थांबा. डोकेदुखीची गोळी घेण्याआधी तिच्या पाकिटावरचे घटक वाचा. काही गोळ्यांमध्येच कॅफीन असतं आणि सगळा हिशेब तिथे बिघडतो.

फिल्टरमध्ये खरी अडचण दोन-दोनच्या पायरीला येते. चिकोरी पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि जाळीची भोकं धरून बसते. दहा-पंधरा मिनिटांत उतरणारं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तासभर थेंब-थेंब गळत राहतं. फिल्टरमधली चकती पुडीवर दाबून बसवू नका, नुसती वर ठेवा. एक-तीनला मात्र फिल्टर बाजूला ठेवून पातेलं घ्या. एका कपाला एक सपाट चमचा पूड आणि १०० मिली पाणी, मंद आचेवर तीन मिनिटं. गॅस बंद करून दोन मिनिटं झाका आणि सुती फडक्यातून गाळा. चहाच्या गाळणीतून बारीक गाळ खाली येतो आणि शेवटचा घोट मातकट लागतो. नंतर १०० मिली गरम दूध. साखर आधी निम्मीच घाला, कारण चिकोरीला स्वतःची भाजकी गोडी असते. उकळी जास्त झाली की हीच गोडी करपलेल्या काकवीसारखी कडू होते. बोअरचं जड पाणी टाळा, त्यात चव सपक उतरते. पिण्याचं पाणी वापरा.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नका. चिकोरीचा रंग कॉफीपेक्षा गडद उतरतो, त्यामुळे निम्मी कॉफी काढली तरी कप तेवढाच काळा दिसतो. माप चमच्यानंच घ्या. वास मात्र उणा पडतो, हे आधीच सांगायला हवं. कॉफीचा तो पहिला दरवळ चिकोरीला नाही. तो दरवळच हवा असेल तर डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, घ्या. ती महाग आहे आणि तिच्यातही थोडं कॅफीन उरतंच.

चिकोरीत इन्युलिन नावाचा तंतुमय घटक असतो. दिवसाला दोन-तीन चमच्यांवर गेलात की काहींना गॅस होतो, पोट फुगतं. गाजर गवतानं अंगावर पुरळ येणाऱ्यांनी सावध राहावं, कारण चिकोरी त्याच कुळातली आहे. पित्ताशयात खडे असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित वेगळं. सकाळी सातला सुटून आठला झोपायचं असेल, तर कॉफी-चहा रात्री एकपर्यंतच घ्यावा आणि पहाटेच्या सुट्टीला चिकोरी. तिनं जाग येणार नाही, पण हातात गरम कप राहतो आणि सकाळची झोप मोडत नाही.

पहिल्यांदा १०० ग्रॅमच घ्या, पहिल्या दोन पायऱ्यांना तेवढी पुरते. उन्हाळ्यात पुडी उघडी राहिली तरी निभतं, पावसाळ्यात मात्र ती ओल धरून गोळा होते. घट्ट झाकणाची बरणी आणि कोरडा चमचा वापरा.