‘मधुमेह मुळापासून बरा’: डबा आणि जाहिरात दोन्ही जपून ठेवा

मोबाईलवर जाहिरात दिसते: तीन महिन्यांत मधुमेह मुळापासून बरा, इन्सुलिन कायमचं बंद. नाव-नंबर भरला की लगेच फोन. बोलणारा स्वतःला डॉक्टर म्हणवतो, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. पार्सल घरपोच.

पहिल्या डब्याने साखर खरोखर उतरते, आणि माणूस इथेच अडकतो. अशा चूर्णांच्या तपासणीत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन सापडलेलं आहे. म्हणजे दवाखान्यातलीच गोळी, मात्रा न सांगता कुटून घातलेली. नेहमीची गोळी चालू असेल तर डोस दुप्पट होतो. पहाटे दरदरून घाम, हातापायांना कापरं, कधी शुद्धही हरपते. सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड घालतात. चेहरा सुजतो, साखर चढते, आणि बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम सोडली तर जिवावर बेततं. म्हणून ती बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवाच.

डब्याचं लेबल वाचा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि उत्पादकाचा पत्ता लागतो. त्याऐवजी नुसता १४ आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक असेल, तर तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे. फोनवर त्यालाच ‘सरकारमान्य औषध’ म्हणून खपवतात.

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याला जोडलेल्या यादीत मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, मूतखडा असे पन्नासहून अधिक आजार आहेत. ते बरे करण्याची जाहिरातच बेकायदा. औषध भेसळीचं होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. आयुर्वेदिक जाहिरातींना पूर्वपरवानगी लावणारा औषध नियमावलीतला ‘नियम १७०’ हा २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये सरकारने वगळला, त्यावर सुप्रीम कोर्टात वाद झाला. त्या घोळात पडू नका, तक्रारीत १९५४ चाच कायदा लिहा.

बहुतेक तक्रारी पुराव्याअभावी मरतात, कारण जाहिरात चार दिवसांत गायब होते. दिसताक्षणी तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, लिंक आणि फोन नंबर उतरवून ठेवा. पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता फाडू नका. उरलेलं चूर्ण दुसऱ्या बरणीत ओतू नका, मूळ डब्यातच राहू द्या. शक्य असेल तर एक डबा सीलबंद ठेवा.

महाराष्ट्रात तक्रार सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन, यांच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. माल परराज्यातला आहे म्हणून अर्ज परत करू लागले, तर जाहिरात याच जिल्ह्यात दिसली हे अर्जात लिहा, तो संबंधित राज्याकडे पाठवण्याची मागणी करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.