कॅमेरा अस्सल, फसवणूक बाकीच्यात

नागपुरातून कुणी दुबई, बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला निघालं, की एखाद्या मित्राची यादी त्याच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडतेच. एक फुलफ्रेम बॉडी (म्हणजे मोठ्या सेन्सरचा, लेन्सशिवायचा कॅमेरा), एक ७०-२०० मिमीची झूम लेन्स, दोन जादा बॅटऱ्या, जमलं तर ड्रोन. लग्नाची कामं करणाऱ्यांना सामान तुळशीच्या लग्नाआधी हातात हवं असतं, त्यामुळे ही खरेदी दिवाळीच्या सहलीत उरकली जाते. डिसेंबरात हेच सामान तक्रारीसकट परत बाहेर निघतं. त्यात नकली कॅमेरा क्वचितच सापडतो. कॅमेरा अस्सल असतो, म्हणून तर काउंटरवर कुणाला शंका येत नाही.

काउंटरवरची पद्धत जवळपास ठरलेली आहे. दुकान पर्यटकांच्या रस्त्यावर, काचेत माल खच्चून भरलेला, पण एकाही वस्तूवर किमतीची चिठ्ठी नाही. (चिठ्ठी नाही एवढं दिसलं तरी मागे फिरावं.) भाव विचारला की भारतातल्या किमतीपेक्षा पाव हिश्शाने कमी सांगतात. नव्या बॉडीवर दुकानदाराचं मार्जिन मुळातच तुटपुंजं असतं, मग तो एवढी सूट कुठून देणार, हा प्रश्न तिथेच पडायला हवा. कार्ड स्वाइप होईपर्यंत खोकं उघडत नाहीत. पैसे गेले की उघडतात आणि सांगतात, चार्जर वेगळा, बॅटरी वेगळी, बॉडी कॅप (लेन्सच्या जागेवरचं झाकण) आणि पट्टाही वेगळा. कंपनीने खोक्यात घातलेल्या वस्तू काढून त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा विकायच्या, असा हा धंदा. यात एक गुंता आहे. हल्ली काही मॉडेलांबरोबर कंपनी खरंच वेगळा चार्जर देत नाही, बॅटरी कॅमेऱ्यातच यूएसबी-सीने चार्ज होते. त्यामुळे 'चार्जर नाही' हे वाक्य खरंही असू शकतं. निघण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलच्या खोक्यातल्या वस्तूंची यादी फोनमध्ये उतरवून घ्या आणि पैसे देण्याआधी ती दुकानदारासमोर एकेक करून तपासा.

दुसरा डाव जास्त हुशारीचा. पैसे घेतल्यावर दुकानदार गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलू लागतो: 'हे मॉडेल तुमच्या कामाचं नाही, बघा फोटो कसा येतो.' डेमोच्या कॅमेऱ्यात जेपीईजीचा (फोटोच्या फाइलचा) दर्जा सगळ्यात खाली आणि डिजिटल झूम चालू करून ठेवलेला असतो. स्क्रीनवर चित्र फुटलेलं दिसतं. मग पुढे येतो कधी न ऐकलेल्या नावाचा कॅमेरा किंवा लेन्स, दुप्पट किमतीची, आणि पहिले पैसे 'ॲडजस्ट' करून उरलेली रक्कम मागितली जाते. अशा वेळी डेमो पीस हातात घेऊन मेनूतून सेटिंग रीसेट करा. दुकानदार कॅमेरा हातात द्यायला कचरला, तर पुढचं समजून घ्यावं.

तिसरा डाव वॉरंटीचा. २०१४ मध्ये सिंगापूरच्या सिम लिम स्क्वेअरमधल्या एका दुकानात एका परदेशी पर्यटकाने ९५० सिंगापूर डॉलरला आयफोन घेतला, आणि फोन हातात देण्याआधी वॉरंटीचे म्हणून आणखी १,५०० डॉलर मागितले गेले. दुकानात गुडघ्यांवर बसून पैसे परत मागणाऱ्या त्या माणसाचं चित्रण जगभर फिरलं. कॅमेऱ्याच्या काउंटरवर हेच 'इंटरनॅशनल वॉरंटी' या नावाने चालतं. बॉडीची वॉरंटी बहुतेक वेळा देशापुरती किंवा प्रदेशापुरतीच असते. दुकानाचा शिक्का मारलेलं रंगीत कार्ड हे कंपनीचं कार्ड नसतं, नागपुरातल्या सर्व्हिस सेंटरला त्याचा उपयोग नाही.

खोक्यावरचं लेबलही वाचा. किट म्हणून आलेल्या संचातून बॉडी आणि लेन्स फोडून वेगवेगळ्या विकतात. लेबलवर 'किट' लिहिलेलं आणि आत नुसती बॉडी असेल, तर तो फोडलेला संच. त्यातली लेन्स साध्या पांढऱ्या खोक्यात येते. लेन्स खराब नसते, पण 'कंपनीपॅक'चा भाव तिला देऊ नये. सीरियल नंबर चार ठिकाणी जुळला पाहिजे: बॉडीवर, खोक्याच्या स्टिकरवर, वॉरंटी कार्डावर आणि बिलावर. बिलावर नुसतं 'डिजिटल कॅमेरा' लिहिलं असेल तर मॉडेल आणि नंबर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

नव्याच्या नावाखाली वापरलेली बॉडीही देतात. हॉट शूच्या (वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) पट्ट्यांवर रंग घासलेला आहे का, खाली ट्रायपॉडच्या आट्यांच्या कडेला ओरखडे आहेत का, पट्टा अडकवायच्या कड्या चमकतात का, ते बघा. एक फोटो काढून फाइलचा क्रमांक तपासा, पण क्रमांक शून्यावर आणता येतो, त्यावर विसंबू नका. निकॉनच्या जेपीईजीमध्ये शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलं तो आकडा, नोंदलेला असतो, फोटो लॅपटॉपवर घेऊन तो वाचता येतो.

कार्ड मशीनवर 'रुपयांत पैसे घेऊ का?' असं विचारतात. आपल्या माणसाला रुपये ओळखीचे वाटतात, तो हो म्हणतो. तिथला विनिमय दर दुकानाच्या बाजूची यंत्रणा लावते आणि तो बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. नेहमी तिथलंच चलन निवडा. त्यावर आपल्या बँकेचा परकीय व्यवहाराचा आकार आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरा.

इथवरच्या फसवणुकीत निदान फसवणारा कुणीतरी समोर असतो. पुढची फसवणूक दुकानदाराने तोंड न उघडताही होते: योग्य कॅमेरा, चुकीच्या देशाचा.

भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतो. अमेरिका, जपानसाठी बनलेली बॉडी व्हिडिओत सेकंदाला ३० आणि ६० फ्रेमवर बेतलेली असते. १/६० सेकंदाच्या शटरवर मंगल कार्यालयात चित्रीकरण केलं की चित्रात काळे पट्टे सरकू लागतात. १/५० किंवा १/१०० ठेवलं की ते आवरतात, मात्र ६० फ्रेमला १/५० मिळतच नाही. तिथे १/१०० हाच मार्ग. खरी अडचण एडिटिंगमध्ये येते. टीमचे बाकी कॅमेरे २५ फ्रेमवर आणि हा एक ३० वर असेल, तर सप्तपदीच्या शॉटमध्ये चाल अडखळते. काउंटरवरच मेनू उघडून २५पी आणि ५०पी (सेकंदाला २५ आणि ५० फ्रेम) दिसतात का ते बघा. सोनीच्या अनेक बॉड्यांत पाल (२५/५० फ्रेम) आणि एनटीएससी (३०/६० फ्रेम) यांत बदल करायची सोय आहे, पण बदल केल्यावर कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, म्हणून हे काम लग्नाच्या दिवशी नको. जपानच्या देशी बाजारासाठीच्या सोनीच्या अनेक बॉड्यांत मेनू फक्त जपानीत असतो आणि भाषा बदलताच येत नाही. तिथे स्वस्त दिसणारी बॉडी नेमकी हीच निघते.

विजेचं सामान याहून धोक्याचं. कॅमेऱ्याच्या चार्जरवर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं छापलेलं असतं. तो इथे बिनघोर चालतो, फक्त टेपरेकॉर्डरची आठच्या आकाराची वायर सीताबर्डीतून घ्यायची. स्टुडिओ फ्लॅशचं तसं नाही. अमेरिकेतली थेट भिंतीतल्या विजेवर चालणारी बरीच फ्लॅश हेड फक्त १२० व्होल्टची असतात. २३० ला लावलं की आतल्या कपॅसिटरवर झेपेल त्याच्या जवळपास दुप्पट दाब येतो, फ्यूज उडतो किंवा कपॅसिटर फुटतो. 'कन्व्हर्टर लावू' म्हणून हेअर ड्रायरसाठीचा हलका कन्व्हर्टर लावणारे तेही घालवतात. लागतोच तर फ्लॅशच्या जास्तीत जास्त खेचीला पुरेल असा तांब्याच्या वाइंडिंगचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. तो उचलून प्रत्येक लॉनवर कोण नेणार? वायरलेस माइक घ्यायचा तर २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. अमेरिकेच्या यूएचएफ रेडिओलहरींच्या पट्ट्यातले माइक इथे परवान्याच्या भानगडीत सापडतात.

आता कस्टम्स. २०१६ च्या बॅगेज नियमांत विमानाने परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर सूट होती, त्यावरच्या किमतीवर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क. ही मर्यादा आणि दर बदलतात, निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. हिशेब कळण्यापुरतं त्याच आकड्यांनी बघू. समजा दुबईत बॉडी १,७५,००० ला पडली आणि इथे जीएसटी धरून २,००,००० ला आहे. शुल्क १,२५,००० वर, म्हणजे ४८,१२५. एकूण २,२३,१२५. दुबईच्या ५ टक्के व्हॅटचा परतावा ८५ टक्केच मिळतो, वर प्रत्येक पावतीमागे फी कापतात. तो धरूनही हिशेब जुळत नाही. नवरा-बायकोची सूट एकाच कॅमेऱ्यावर जोडता येत नाही, विमानतळावर हा वाद घालणारे रोज असतात. खोकं फेकून कॅमेरा गळ्यात घालून ग्रीन चॅनेलने (काही जाहीर करायचं नसलेल्यांच्या वाटेने) निघालात आणि पकडलं गेलात, तर शुल्कावर दंड आणि मालाची जप्ती. आपला जुना कॅमेरा घेऊन परदेशी जाणार असाल तर निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परतताना तोच कॅमेरा 'नवा आणला' ठरायला नको.

जीएसटी नोंदणी असलेल्या फोटोग्राफरचा आणखी एक तोटा यादी देणारे विसरतात. इथल्या बिलावरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर आपण भरायच्या जीएसटीतून वजा होतो, दुबईच्या बिलावर काहीच नाही. वरच्या उदाहरणातल्या २,००,००० मध्ये सुमारे ३०,५०० रुपये कराचे आहेत. ते वजा केले तर इथली बॉडी १,६९,५०० ला पडते, म्हणजे दुबईच्या काउंटरवरच्या भावापेक्षाही कमी.

ड्रोन यादीतून खोडून टाका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, सुट्या भागांत आणलेल्या पूर्ण संचाचीही. २५० ग्रॅमच्या आतला छोटा असला तरी सुटत नाही. शुल्क भरून सोडवू, हा पर्याय इथे नसतो.

मेमरी कार्ड परदेशी फुटपाथवरून घेऊच नये. घेतलंच असेल तर हॉटेलवरच ते पूर्ण भरून परत वाचून बघा. खोटं कार्ड ५१२ जीबी दाखवतं आणि ३२ नंतर जुन्याच फाइलींवर लिहीत जातं, पहिल्या तासाभरात काहीच कळत नाही.

फसलातच, तर जे काही करायचं ते विमानात बसण्याआधी. थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा क्रमांक ११५५. हाँगकाँगमध्ये कन्झ्युमर कौन्सिल, सिंगापुरात स्मॉल क्लेम्स ट्रिब्युनल, तिथे पर्यटकालाही दाद मागता येते. कार्डाने पैसे दिले असतील तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा की वस्तू सांगितल्याप्रमाणे मिळालेली नाही, आणि बिल, खोक्याचं लेबल, सीरियल नंबर, काउंटरवरच्या वस्तूंचा फोटो जोडा. रोख दिलेल्याला हा रस्ता नाही. नागपूरला परतल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात कागद दाखल करता येईल, पण नोटीस ज्याच्या पत्त्यावर जायची ते दुकान समुद्रापलीकडे आहे.