जुनी रेवा-आय मुंबईत चालवताना, वर्षभराचा अनुभव

सेकंडहँड रेवा-आय, म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी इलेक्ट्रिक कार, घेतली त्याला आता वर्ष होत आलं, उन्हाळा बघून झाला, अख्खा पावसाळा काढून झाला, तेव्हा लिहायला हरकत नाही. पिकअप किती, बूटस्पेस किती असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो, या गाडीत मालकाचा संबंध गाडीशी कमी आणि सीटखालच्या आठ बॅटऱ्यांशी जास्त असतो. मोटर काही मागत नाही, बॉडी काही मागत नाही, मागतात त्या बॅटऱ्याच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेवा बंगळुरूची, चेतन मैनींच्या कंपनीची, पहिली गाडी 2001 ला रस्त्यावर आली. लंडनमध्ये ती जी-विझ नावाने विकली जायची आणि तिथे बऱ्यापैकी चालली कारण शहरात शिरायचा कंजेशन चार्ज इलेक्ट्रिकला माफ होता. 2008 ला रेवा-आय आली, 2010 ला कंपनीचा मोठा हिस्सा महिंद्राने घेतला आणि 2013 ला तिच्या जागी ई-टू-ओ ही नवी इलेक्ट्रिक गाडी आली. माझी 2009 ची आहे, पंधरा वर्षांच्या वरच्या गाडीचे पार्ट शोधावेच लागतात, त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे त्याच 2008 मध्ये तिकडे अमेरिकेत टेस्लाची रोडस्टर लोकांच्या हातात पडायला लागली होती. लोटस एलिस या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवर बेतलेली टू-सीटर, 53 किलोवॅट-अवरचा बॅटरी पॅक, त्यात 6831 लिथियम सेल, शून्य ते ताशी साठ मैल चार सेकंदांच्या आत. नुसता तिचा पॅक 450 किलोचा, आणि माझी अख्खी गाडी बॅटऱ्यांसकट 665 किलोची! तुलना करायला काही तोंडच नाही, पण त्या गाडीच्या जुन्या मालकांचं लिहिलेलं वाचलं की वाटतं अरे हे तर आपलंच चाललंय. पॅक रिकामा करून गाडी उभी ठेवायची नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच. 2012 ला रोडस्टरवाल्यांमध्ये यावरून मोठा बोभाटा झाला होता, पूर्ण उतरलेली गाडी प्लगशिवाय बरेच दिवस उभी राहिली की पॅक कायमचा गेला, आणि बदलायचा खर्च म्हणे 40 हजार डॉलर. माझं नुकसान झालं तर सव्वा-दीड लाखात भागतं, एवढंच काय ते समाधान.

आता बॅटरी. आठ नग, प्रत्येकी 6 व्होल्ट, सिरीजमध्ये जोडून 48 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर 9.6 युनिट. रेंज 80 किमी सांगितलेली आहे पण ती नव्या बॅटऱ्यांची, सपाट रस्त्याची आणि एसी बंद ठेवून. मी 45 धरून चालतो आणि त्यातही तीस किमी झाले की घराकडे वळतो. बायको म्हणते घाबरट आहेस. असू दे, लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार अर्ध्याच्या खाली नेली की आयुष्य भराभर कमी होतं, प्लेटांवर सल्फेट बसतं आणि तसंच राहिलं तर कडक होतं, मग कितीही चार्जिंग करा, निघत नाही. म्हणून दहा किलोमीटर फिरून आलो तरी घरी आलं की प्लग लावायचाच. उद्या लावू म्हणणाऱ्याने ही गाडी घेऊ नये.

पाण्याचं काम वेगळंच. एका बॅटरीत तीन सेल, म्हणजे एकूण चोवीस झाकणं, ती एकेक उघडून टॉर्च मारून बघायची. उन्हाळ्यात पंधरवड्याला, एरवी महिन्याला. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आरओचं चालतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. आणि घालायचं ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते, आधीच काठोकाठ भरलंत तर अ‍ॅसिड बाहेर येऊन ट्रे आणि खालची फ्रेम खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी घाला. हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या द्रावाची घनता मोजायची नळी, घ्या, स्वस्त असतो, फुल चार्जला 1.28 च्या आसपास दिसायला हवं आणि चोवीसही सेल जवळजवळ सारखे दिसायला हवेत. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो, त्यामुळे जागा हवेशीर पाहिजे, आमच्या वॉचमनला बिडी गेटपाशी ओढायला सांगितलंय, तो बिचारा ऐकतो.

सिरीज म्हणजे एकाच्या पायाला सगळ्यांचे पाय बांधलेले. एक बॅटरी बसली की उरलेल्या सात कितीही धडधाकट असल्या तरी गाडी तिच्याच चालीने चालणार. एकच नवी आणून टाकायचा जुगाडही चालत नाही, जुन्यांमध्ये नवी टाकली तर नवीचीही वाट लागते. मी सगळा सेट एकदम बदलला. कुर्ल्याच्या एका दुकानातून आणला तेव्हा आठातल्या दोघींवरचा उत्पादनाचा कोड बाकीच्यांपेक्षा अर्ध्या वर्षाने जुना निघाला, दुकानदार म्हणाला साहेब काय फरक पडतो, म्हटलं मला पडतो, बदलून घेतल्या. एकेक बॅटरी तीस किलोच्या वरची आहे, त्या सीटखालून काढायला दोन माणसं लागतात आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर आपल्याकडे फार लवकर येतो, समुद्राची हवा म्हणा दमटपणा म्हणा, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडं करून पेट्रोलियम जेली लावली की काही महिने निवांत.

सोसायटीचं सांगायलाच हवं कारण मुंबईत निम्मी लढाई तिथेच असते. गाडीला साधा 15 अँपिअरचा सॉकेट पुरतो, फुल चार्जला आठेक तास, पण तो सॉकेट कोणाच्या मीटरवर? कॉमन मीटरवर देणार नाही हे कमिटीने पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं, ते बरोबरच होतं, माझीही तशी अपेक्षा नव्हती. मग माझ्या फ्लॅटच्या मीटरवरून आर्मर्ड केबल ओढली, मीटर रूम पार्किंगच्या जवळ म्हणून जमलं, वेगळा एमसीबी, करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी आणि कुलूपवाला बॉक्स. तरी सेक्रेटरी काका मीटिंगमध्ये म्हणाले, "अहो, रात्री फुटली-बिटली तर? टीव्हीवर दाखवतात ना." मी म्हटलं, "काका, ही लिथियम नाहीये, तुमच्या घरात इन्व्हर्टरला लावलीय ना, तीच जात आहे." त्यावर ते गप्प झाले आणि घरी जाऊन इन्व्हर्टर बंद करून ठेवला असं काकूंनी नंतर सांगितलं.

चालवायला म्हणाल तर मजा आहे. लांबी अडीच मीटरच्या जराशी वर, पार्ल्याच्या बाजारात दोन स्कूटरमधल्या जागेतही घुसते. सिग्नलला उभी असताना मोटर काही खात नाही, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये पेट्रोलवाल्यांचा जीव जळतो आणि माझा नाही. फ्लायओव्हर चढताना जास्त जोर देणाऱ्या बूस्ट मोडला टाकायची, चढते, फक्त मागे दोन मोठी माणसं बसवू नका, ती जागा पोरांसाठीच आहे. आवाज नसल्यामुळे माणसं आरामात समोर येतात, हॉर्नवर हात ठेवूनच चालवावी लागते. खड्डे मात्र थेट मणक्यात कळतात. कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात वेगमर्यादा 80 आणि गाडीचा टॉप स्पीडही 80, त्यामुळे तिथे चलानची भीती नाही (बोगद्यात आणि वळणांवर मर्यादा कमी आहे), पण मागून एसयूव्हीवाले डिपर मारून मारून हैराण करतात. अटल सेतूचा टोल आता इलेक्ट्रिकला माफ आहे, छान, पण तो पूल 21.8 किलोमीटरचा आहे, जाऊन-येऊन माझा दिवसाचा कोटा तिथेच संपला, मग पलीकडच्या उलव्यात वडापाव खायलाही प्लग शोधायचा का?

सेफ्टीबद्दल गोडगोड लिहिणार नाही. एअरबॅग नाहीत. युरोपात ही गाडी कारमध्ये नाही, क्वाड्रिसायकलमध्ये, म्हणजे हलक्या चारचाकीच्या वर्गात, मोजली जायची, म्हणजे कारची क्रॅश टेस्ट तिला लागूच नव्हती, आणि लंडनमध्ये त्यावरून बरीच टीका झाली होती. मी हायवेवर नेत नाही, रात्री कंटेनरच्या शेजारी तर नाहीच. घर, ऑफिस, भाजी, आईला डॉक्टरकडे, एवढंच.

पाऊस. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, पाणी साचायचा मेसेज आला की गाडी घरात, यात शूरपणा करायचा नाही. बॅटऱ्या सीटखाली आहेत, कंट्रोलर आहे, आणि ग्राउंड क्लिअरन्स बेताचा. पहिल्या जोरदार पावसात आरसीसीबी सारखा पडायला लागला, प्लगमध्ये ओल गेली होती, हेअर ड्रायरने वाळवलं आणि बॉक्सवर पत्र्याची झडप लावून घेतली. बॉडी एबीएस प्लास्टिकची आहे म्हणून गंजायचा प्रश्न नाही, पण आतली फ्रेम लोखंडी ट्यूबची, मे महिन्यात खालून अँटी-रस्ट मारून घ्या. उंदरांनी एकदा वायर कुरतडली, त्याला इलाज नाही, ते कुठल्याही गाडीत शिरतात.

कागदपत्रांची बाजू उलट फार सोपी. पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करावी लागते, पुढे पाच वर्षांसाठी मिळते, आणि 2021 पासून बॅटरीवरच्या गाड्यांना ती फी माफ आहे. गाडी मात्र तपासणीला न्यावी लागते, ब्रेक आणि लाइट ठीक पाहिजेत. पीयूसी नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्सला 30 किलोवॅटच्या आतल्या इलेक्ट्रिक कारचा सगळ्यात खालचा स्लॅब लागतो, आपली मोटर 13 ची.

लिथियम का नाही टाकत, हा प्रश्न भेटेल तो विचारतो. टाकता येतं, एलएफपीचे (लिथियमचाच एक प्रकार) 16 सेल सिरीजमध्ये घेतले की 51.2 व्होल्ट होतात, वजन बरंच उतरतं, पाणी घालायची भानगड संपते. पण गाडीतला चार्जर लेड-अ‍ॅसिडच्या हिशोबाने चार्ज करतो, तो बदलायचा, सेलवर लक्ष ठेवणारा बीएमएस बसवायचा, गाडीची स्वतःची मॅनेजमेंट सिस्टीम त्याच्याशी जुळवायची, आणि वर हे सगळं आरसी आणि इन्शुरन्समध्ये बसवायचं. नुसते सेल आणून खाली ठेवून देतो म्हणणारे दोघे भेटले, दोघांनाही हात जोडले. हा सेट संपेल तेव्हा बघू, तीनेक वर्षं काढेल असं वाटतं.

घ्यायची असेल तर विकणाऱ्याने सकाळी फुल चार्ज करून ठेवलेली गाडी बघून खूश होऊ नका, फुल चार्जला मेलेली बॅटरीही चांगले व्होल्ट दाखवते. वीसेक किलोमीटर स्वतः चालवा, एखादा फ्लायओव्हर चढवा, आल्या आल्या सीट उचलून मल्टिमीटर लावा आणि आठही बॅटऱ्यांचे व्होल्ट कागदावर लिहा. एखादी बाकीच्यांपेक्षा अर्धा व्होल्ट खाली असेल तर नव्या सेटचे पैसे किमतीतून तिथेच कापून मागा, आणि मालक म्हणाला की नुसतं पाणी घातलं की ठीक होईल, तर त्याला म्हणावं घाला, मी पुढच्या रविवारी परत येतो.