जुन्या पोर्शे ९११ चं ऑईल 'गायब' झालं म्हणून माझे ६,४०० डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहायला मला चार महिने लागले, आठवलं की अजून राग येतो. पण गेल्या आठवड्यात आमच्या मंडळातल्या एका ओळखीच्यांनी जुनी ९११ घेतल्याचं कळलं, आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता की सकाळी डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची काठी, कोरडी का येते. माझी सगळी फसवणूक नेमकी याच प्रश्नापासून सुरू झाली, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

माझी गाडी १९८२ ची पोर्शे ९११ एससी, तीन लिटरचं सहा सिलेंडरचं इंजिन, मागे बसवलेलं आणि हवेने थंड होणारं. आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. पुण्यात लहानपणी बाबा आमच्या पद्मिनीचं ऑईल रोज सकाळी इंजिन थंड असताना बघायचे, डिपस्टिक काढायची, कापडाने पुसायची, परत घालायची आणि उजेडाकडे धरून बघायची, ती पद्धत माझ्या हातात बसलेली. एका शनिवारी तेच ९११ ला केलं तर काठीला थेंबसुद्धा नाही. वर गाडीखाली घातलेल्या पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग. पोटात गोळाच आला हो.

वीस मिनिटांवर एक गॅरेज होतं, बाहेर एअर-कूल्ड गाड्यांचे मोठे फोटो लावलेले, माणूस बोलायला अतिशय गोड. गाडी रात्री ठेवून जा म्हणाला, "थंड होऊ दे, सकाळी तुझ्यासमोरच बघू." सकाळी माझ्यासमोर डिपस्टिक काढली, कोरडी. मान हलवत म्हणाला इंजिनने ऑईल पिऊन टाकलंय, आणि लगेच तीन क्वार्ट ओतलं, म्हणजे जवळजवळ तीन लिटर. मग मला शेजारी बसवून हायवेवर फेरी मारली. परत येईपर्यंत मागून निळा धूर, एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत ऑईल. "बघ, रिंगा आणि व्हॉल्व्ह गाईड गेलेत, वर मागचं क्रँक सीलही गळतंय." म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांची नळकांडी झिजलीत, आणि इंजिनचा मुख्य दांडा (क्रँक) बाहेर येतो तिथलं सील गेलंय. पूर्ण इंजिन खोलायचे १४,००० डॉलर सांगितले. माझा चेहरा बघून मग म्हणाला, आत्ता निदान इंजिन खाली उतरवून सगळी सीलं तरी बदलू, धूर त्यानेही कमी होईल, बाकी पुढच्या वर्षी बघू. ६,४०० ला सौदा झाला. मला वाटलं माणूस माझा विचार करतोय.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि त्याला शंभर टक्के माहीत होतं ते सांगतो. या गाडीत ऑईल इंजिनच्या खालच्या पॅनमध्ये राहतच नाही. ड्राय संप सिस्टीम आहे, ऑईलची वेगळी टाकी उजव्या मागच्या चाकाच्या मागे, आणि समोरच्या उजव्या फेंडरमधल्या कूलरपर्यंत पाईप गेलेले, सगळं धरून १३ लिटरच्या आसपास ऑईल. गाडी बंद करून ठेवली की टाकीतलं ऑईल पंपाच्या फटीतून हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, उतरतं. डिपस्टिक टाकीच्या तोंडात आहे, मग सकाळी ती कोरडी येणारच ना! ऑईल कुठेही गेलेलं नसतं, फक्त टाकीत नसतं. बघायची पद्धत अशी की गाडी चांगली वीस-पंचवीस मिनिटं चालवून पूर्ण गरम करायची, सपाट जागी उभी करायची आणि इंजिन आयडलवर चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची. डॅशबोर्डवर अगदी डावीकडच्या मीटरमध्ये ऑईल लेव्हलचा काटा आहे, तोसुद्धा याच अवस्थेत खरं सांगतो, चालत्या गाडीत तो शून्यावर पडला तर घाबरायचं कारण नाही.

आणि थंड इंजिनात काठीवर खूण दिसेपर्यंत ओतत बसलात तर इंजिन सुरू झाल्यावर क्रँककेसमधलं सगळं ऑईल परत टाकीत येतं, टाकी ओसंडते, जास्तीचं ऑईल ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून थेट इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवा घेण्याच्या वाटेत, जातं आणि जळतं. तोच तो निळा धूर. म्हणजे त्या माणसाने आजार आधी स्वतः तयार केला आणि मग मला दाखवला. रात्री गाडी ठेवून घेण्याचं कारण हेच. रिंगा गेल्या म्हणणाऱ्याने सिलेंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट केली नाही, तो दाब कुठून गळतो ते दाखवणारी लीकडाऊन टेस्ट केली नाही, एक स्पार्क प्लगसुद्धा काढून दाखवला नाही, आणि मीही मागितला नाही.

दोन आठवड्यांनी गाडी मिळाली, इंजिन धुवून लखलखीत, जास्तीचं ऑईल काढलेलं त्यामुळे धूर बंद, मी खूश. बिलावर इंजिन उतरवणे-चढवणे, क्रँक सील, थर्मोस्टॅट (गरम ऑईल कूलरकडे वळवणारा भाग) सील, ब्रीदर गॅसकेट, ऑईल रिटर्नच्या चारही नळ्या नवीन. महिन्याच्या आत पुठ्ठ्यावर तोच डाग, त्याच जागी. फोन केला तर म्हणे जुन्या पोर्शे गळतातच, डाग पडला म्हणजे आत ऑईल आहे. हे वाक्य हसत हसत सगळेच बोलतात, पण ६,४०० डॉलर घेतलेल्या माणसाने बोलायचं नसतं.

मग एका मित्राने तासभर लांब एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे पाठवलं. त्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि पाच मिनिटं काहीच बोलला नाही, नुसती टॉर्च फिरवली. मग मला खाली बोलावून चाकाकडे जाणाऱ्या ॲक्सलचे सांधे, म्हणजे सीव्ही जॉइंट, दाखवले. त्यांच्या बोल्टांच्या डोक्यात पाना घालायचे खड्डे असतात, ते खड्डे काळ्या, दगडासारख्या वाळलेल्या ग्रीसने गच्च भरलेले. ९११ चं इंजिन गिअरबॉक्ससकट उतरतं आणि पूर्ण उतरवायचं तर हे बोल्ट सोडवावेच लागतात, खड्डा साफ केल्याशिवाय पाना आत जात नाही. "हे बोल्ट कित्येक वर्षांत कोणी हलवलेले नाहीत," तो म्हणाला. मला खरंच दोन मिनिटं काही सुचेना. इंजिन उतरवलंच नव्हतं!

रिटर्नच्या नळ्या म्हणजे वर कॅमशाफ्टला गेलेलं ऑईल परत क्रँककेसमध्ये आणणाऱ्या, दोन डावीकडे दोन उजवीकडे. मी आधीच्या वसंतात गाडीखाली शिरून गळती कुठून येते याचे फोटो काढले होते, त्यात डावीकडच्या मागच्या नळीला एक बारीक चेप दिसत होती. फोन काढून ताडून बघितलं. तीच नळी, तीच चेप, फक्त वरची घाण धुतलेली. नवीन म्हणून सापडलं ते एवढंच, खालच्या व्हॉल्व्ह कव्हरची गॅसकेटं.

खरी गळती शोधायची त्याची पद्धत बघून ठेवा. इंजिन खालून वरून स्वच्छ धुतलं, ऑईलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही दिव्यात चमकणारा रंग) घातला, मला म्हणाला शंभरेक मैल चालवून आण. अंधारात यूव्ही दिवा मारला तर पिवळसर हिरवी रेघ क्रँककेसच्या वरच्या बाजूला थर्मोस्टॅटच्या खालून निघून खाली ओघळत जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेत तिथे येऊन ठिबकत होती. क्रँक सीलही तिथेच असतं, म्हणून ती त्याची गळती वाटते. पुठ्ठ्यावरच्या डागाचा वास घ्यायलाही त्यानेच शिकवलं, गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑईलला नाही. लीकडाऊन टेस्ट केली, सहाही सिलेंडर उत्तम. इंजिन सगळं न उतरवता मागून काही इंच खाली झुकवून त्याने थर्मोस्टॅटचा ओ-रिंग (रबरी कडं) आणि शेजारचं ब्रीदर गॅसकेट बदललं. ९२० डॉलर झाले. जुना ओ-रिंग न मागता पिशवीत घालून हातात दिला, बोटांनी वाकवला तर प्लॅस्टिकसारखा कडकन मोडला.

पहिल्या गॅरेजकडे जुने पार्ट मागितले तर "फेकले". कॅलिफोर्नियात जुने पार्ट परत मिळायचा हक्क आहे पण काम देतानाच मागावे लागतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी बिल, माझे आधीचे तारखेचे फोटो, सीव्ही बोल्टांचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत जोडून राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे (गॅरेजांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) तक्रार केली. तिकडून फोन गेल्यावर गॅरेजवाला म्हणाला नळ्या "साफ करून बसवल्या, बिलात चूक झाली". इंजिन उतरवल्याच्या मजुरीबद्दल त्याला काहीच बोलता आलं नाही. शेवटी ४,५०० परत मिळाले. उरलेल्यासाठी स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, जाता आलं असतं, तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा एकट्या माणसाला वकिलाशिवाय करता येतो, पण बायको म्हणाली आता पुरे, आणि मलाही झोप हवी होती.

तुमच्याकडे ९११ एससी किंवा तिच्यानंतरची ३.२ कॅरेरा असेल आणि कोणी इंजिन उतरवू म्हणत असेल तर गाडी देण्याआधी खाली झोपून सीव्ही बोल्ट आणि चारही नळ्यांचे फोटो काढा, नळीवर कोपऱ्यात पेंटचा एक बारीक ठिपका द्या, आणि वर्क ऑर्डरवर सही करतानाच "जुने पार्ट परत हवेत" हे लिहून घ्या. फोटोत काय काय दिसायला हवं ते कळत नसेल तर मला विचारा, माझे सगळे फोटो अजून जपून ठेवलेत.