टीएसएलवाय फंड : हप्ता जाडजूड, मुद्दल बारीक

यील्डमॅक्स या अमेरिकी फंड कंपनीचा टीएसएलवाय हा फंड नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला. सगळा खेळ टेस्ला या एकाच शेअरवर. जाहिरातीतला वार्षिक वितरण दर कधी 50 टक्क्यांच्याही वर गेलेला दिसतो. भूसंपादनाचा मोबदला किंवा ग्रॅच्युइटी नुकतीच खात्यात पडलेल्या माणसाला हा आकडा भुरळ घालणारच. पण तो व्याजदर नव्हे. फंडानं वाटलेला शेवटचा हप्ता वर्षभर तसाच मिळत राहील असं धरून काढलेला तो गुणाकार आहे.

फंड चालतो कसा, हे वऱ्हाडातल्या माणसाला समजायला अवघड नाही. घरात 10 क्विंटल कापूस भरून ठेवलाय, भाव 7,500. व्यापारी येतो आणि क्विंटलमागे 200 रुपये इसार देतो. अट एकच : महिनाभरात कधीही 8,000 नं माल उचलायचा हक्क त्याचा. भाव 9,500 झाला तर तुम्ही 8,000 नंच द्यायचा. भाव 6,500 वर आला तर तो फिरकतही नाही. इसाराचे 200 तुमचे आणि हजाराची घटही तुमचीच. याला कव्हर्ड कॉल म्हणतात. भाव जितका उड्या मारणारा, तितका इसार मोठा. म्हणून असले फंड सहसा टेस्ला, एनव्हिडिया, कॉइनबेस असे चंचल शेअर निवडतात.

एक फरक आहे. इथे घरात कापूसही नसतो. फंड शेअर घेण्याऐवजी एकाच किमतीचा कॉल (ठरल्या भावानं घ्यायचा हक्क) विकत घेतो आणि पुट (ठरल्या भावानं विकायचा हक्क) दुसऱ्याला विकतो. दोन्ही मिळून शेअर हाती असल्यासारखाच नफा-तोटा होतो. पैसा तारण म्हणून अमेरिकी सरकारच्या रोख्यांत राहतो. वरून थोड्या मुदतीचे कॉल विकून जो प्रीमियम, म्हणजे इसार, येतो, त्यातून मुख्यतः हप्ता निघतो. खर्च वर्षाला साधारण 1 टक्का.

खरी झीज कुठे होते ते आकड्यांतच बघा. शेअर 100 डॉलर, फंडाचं युनिटही 100. आठवड्याचा कॉल 105 ला विकला, प्रीमियम 2 डॉलर, तो वाटून टाकला. शेअर कोसळून 80 वर आला. युनिटही 80. पुढच्या आठवड्याचा कॉल आता 84 चा, प्रीमियम 1.60, तोही वाटला. शेअर उसळी मारून परत 100 वर. युनिट मात्र 84 ला अडकलं. हाती आले 3.60, म्हणजे एकूण 87.60. नुसता शेअर धरून बसणारा जिथल्या तिथे, आणि हप्ता खाणारा 12.40 नं खाली. पडताना पूर्ण पडायचं, चढताना छताला डोकं आपटायचं. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण चंचल शेअरमध्ये हे वारंवार घडतं. टीएसएलवायचा भाव इतका खाली आला की फेब्रुवारी 2024 मध्ये दोन युनिटांचं एक करावं लागलं. त्यानं कोणाचं नुकसान होत नाही, फक्त तक्त्यावरचा भाव दुप्पट दिसतो. चार्ट बघताना एवढं ध्यानात ठेवा.

हप्त्याबरोबर फंड एक सूचनाही काढतो. त्यात ‘भांडवलाची परतफेड’ किती टक्के, याचा अंदाज असतो. तो आकडा मोठा म्हणजे लगेच खोट असं नाही, हिशेबाच्या पद्धतीनंही तो फुगतो. पण त्याच काळात युनिटचा भावही घसरत असेल, तर तुमचंच बियाणं दळून तुम्हाला पीठ म्हणून मिळतंय.

आता आपल्याकडची बाजू, आणि आमच्या मते खरा अडसर इथेच आहे. पैसा बाहेर पाठवायची मर्यादा आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर, ती कोणाला आड येत नाही. गुंतवणुकीसाठी 10 लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. पैसा बाहेर पाठवायचा अर्ज ए2 बँकेत भरायचा, आणि तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम होतंच असं नाही, ते आधी विचारून घ्या.

हप्त्यावर अमेरिकेत 25 टक्के कर आधीच कापला जातो, तोही ब्रोकरकडे डब्ल्यू-8 बेन (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत असं सांगणारा) अर्ज भरलेला असेल तर, नाहीतर 30. इथे तेच उत्पन्न तुमच्या स्लॅबनं करपात्र, आणि त्यासाठीचा ठरावीक फॉर्म भरून तिकडच्या कराची वजावट मिळते. पण ज्याचं मुख्य उत्पन्न शेतीचं, म्हणजे करमुक्त, आणि बाकीचं तुटपुंजं, त्याला इथे करच लागत नाही. मग वजावट कशातून घेणार? ते 25 टक्के गेलेच. वर्ष सरल्यावर भांडवल परतफेडीच्या हिश्श्यापुरता कर ब्रोकरमार्फत परत येऊ शकतो, तेवढाच दिलासा. शिवाय उत्पन्न कितीही कमी असो, परदेशी मालमत्ता असली की विवरणपत्र बंधनकारक, आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचं. गावातल्या ई-सेवा केंद्रावर हे भरून घेऊ नका.

शेजारी ठेवून बघायला पोस्टाची मासिक योजना आहे. 2025 मध्ये दर 7.4 टक्के, 9 लाखांवर महिन्याला 5,550 रुपये आणि पाच वर्षांनी 9 लाख जसेच्या तसे. साठी ओलांडलेल्यांना ज्येष्ठ नागरिक योजनेत 8.2 टक्के, 30 लाखांपर्यंत.

टेस्ला वर्षभर एकाच पट्ट्यात डोलत राहील असं ज्याचं ठाम मत आहे, आणि बुडाले तरी पेरणी अडणार नाही इतकेच पैसे जो घालतोय, त्याच्यासाठी हा फंड ठीक. मुलीच्या लग्नाचे, विहिरीचे, मोबदल्याचे पैसे यात नकोत.

घेतलाच तर घरच्यांना एक गोष्ट सांगून ठेवा. अमेरिकेतली मालमत्ता 60,000 डॉलरच्या वर असताना खातेदार वारला, तर तिकडचा वारसा कर लागू होतो. दर 40 टक्क्यांपर्यंत चढतो आणि वारसांना 706-एनए नावाचं विवरण तिकडे भरावं लागतं.