‘परवानगी द्या’ या बटणाची किंमत : ८८,८९९ रुपये

मी २६ वर्षे हिशेबनीस आहे आणि लोकांचे हिशेब पैशापर्यंत जुळवतो, हे आधीच सांगतो, कारण ‘तुम्ही कसे फसलात?’ हा प्रश्न आता ऐकवत नाही.

अँटीव्हायरसने एकदा माझी हिशेबाची फाइल परस्पर क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या कोठडीत, टाकली, तेव्हा मी संतापून ‘स्वयंचलित निर्णय’ बंद केला आणि ‘प्रत्येक वेळी विचारा’ हा पर्याय निवडला. (ती एकच फाइल अपवादांच्या यादीत घातली असती, तर पुरले असते.) त्यानंतर प्रिंटरसाठीसुद्धा परवानगी विचारणारी चौकट उघडू लागली आणि न वाचता ‘परवानगी द्या’ दाबण्याची बोटाला सवय जडली.

मार्चअखेरच्या धांदलीत ‘अँटीव्हायरसची मुदत संपली’ अशी सूचना पडद्यावर आली. ती ब्राउझरमधून कुठल्याशा संकेतस्थळाने पाठवलेली होती. अशा सूचनांची परवानगी आजच काढून टाका. पुढे ठरलेला क्रम: सूचनेतला फोन नंबर, नूतनीकरणाचे १,४९९ रुपये, मग ‘जादा कापलेली रक्कम परत करतो’ म्हणून दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर.

आणि ते बसवताना अँटीव्हायरसने मला विचारले होते! असे सॉफ्टवेअर विषाणू नसते, कार्यालयांत ते रोज वापरले जाते, म्हणून निर्णय मालकावर सोडला जातो. दुसऱ्याला संगणकाचा ताबा मिळू शकेल, असे चौकटीत स्वच्छ लिहिले होते. मी ती वाचलीच नाही. ओळखीच्या विषाणूंचा निकाल अँटीव्हायरसला परस्पर लावू द्या आणि विचारणा अशा प्रोग्रामांपुरतीच ठेवा.

ओटीपी ईमेलवरही येत होता आणि ईमेल त्याच संगणकावर उघडे होते. ४.१२ ला ४९,९०० रुपये गेले, ४.२५ ला मी बँकेला फोनवर कळवले आणि ४.४० ला आणखी ३७,५०० गेले. आधी इंटरनेटची वायर उपटायची, मग फोन करायचा; मी उलटे केले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार क्रमांक मिळाला, पैसे मिळाले नाहीत. पोलीस ठाण्याने सायबर शाखेकडे पाठवले, सायबर शाखेने बँकेचे पत्र मागितले आणि बँकेने ‘निष्काळजीपणा तुमचा’ म्हणून हात झटकले. ग्राहकाने कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे, असा नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घातला होता, हे मी दाखवले, तेव्हा माझ्या फोनची नोंद ५.०५ ला झाल्याचे सांगण्यात आले. चाळीस मिनिटे तो फोन कोणाच्या टेबलावर पडून होता? लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; आज एकतिसावा दिवस आहे.