इंग्लंडकडून खाली यायचं की ऑस्ट्रेलियाकडून वर जायचं?

बायकोचं माहेर मेलबर्नचं, घराणं मूळचं इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचं, त्यांची वंशावळ मी दोन्ही टोकांनी शोधून पाहिली. सुरुवात कुठून करावी असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय.

कागदपत्रांत इंग्लंड भारीच. चर्चची रजिस्टरं काही गावांत 1538 पासूनची, सरकारी नोंदणी 1837 पासून, आणि 1851 नंतरच्या सेन्ससमध्ये तर अख्खं घर एका पानावर, कोण कुठल्या गावचा तेही. ऑस्ट्रेलियात जुन्या सेन्ससचे फॉर्म ठेवलेच नाहीत बहुतेक.

पण माणूस बोटीत बसला की इंग्लंडचे कागद गप्प. 1851 ला घरात आहे, 1861 ला नाही, मग वारला की सोन्याच्या मागे ऑस्ट्रेलियाला गेला? आमच्याकडे आडनाव विल्यम्स, आणि कॉर्नवॉलमध्ये जॉन विल्यम्स म्हणजे गल्लोगल्ली. नको ते जॉन वगळायला मृत्यूदाखले मागवत गेलो, पण इंग्लंडच्या जुन्या दाखल्यात वय, धंदा, कारण, कुणी कळवलं एवढंच असतं, मोठ्या माणसाच्या आईबापाचं नाव नसतंच, म्हणजे दर वेळी पैसे भरायचे आणि हा आपला की दुसऱ्याचा ते तसंच लटकलेलं. मला खरा वैताग आला तो ह्याचाच.

याउलट व्हिक्टोरियाचा (मेलबर्न ज्यात येतं ते राज्य) मृत्यूदाखला, तिथली नोंदणी 1853 पासूनची. वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, कॉलनीत (म्हणजे तेव्हाच्या त्या ब्रिटिश वसाहतीत) किती वर्षं, लग्न कुठे कुणाशी, मुलं वयासकट! आमच्या दाखल्यात रेडरुथ गाव आणि बाप कथिलाच्या खाणीत, एवढं मिळाल्यावर चर्चचं रजिस्टर लगेच सापडलं, आणि कॉलनीतली वर्षं वजा केली की बोटीच्या प्रवासी यादीचं सालही हाताशी येतं.

अर्थात माहिती देणारा मुलगा किंवा शेजारी, त्याने आजोबांना कधी पाहिलेलंही नसतं, त्यामुळे नावं ताडून घ्यावीच लागतात. आणि तुमची शाखा मूंटा किंवा बर्राच्या तांब्याच्या खाणींवर गेली असेल तर साउथ ऑस्ट्रेलियाच्या जुन्या दाखल्यांत आईबाप नसतात, तिथे इंग्लंडकडून आलेलं कदाचित बरं पडेल.

तरी माझं विचाराल तर आधी ऑस्ट्रेलिया. तिथल्या नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्ह या वेबसाइटवर जुने पेपर फुकट वाचता येतात, निधनाच्या बातमीखाली कधीकधी ‘मायदेशीच्या पेपरांनीही छापावे’ अशी विनंती असते, आणि तिथे गावाचं किंवा पेपरचं नाव असलं तर तिकडचे नातलग कुठे शोधायचे तेही कळतं.